कोठडीत गवसलेला ख्रिस्त

रस्त्यावरच्या गुन्हेगारीत ज्याचे तारुण्य सरले, चोरी, हप्ता आणि हाणामारी यांवाचून ज्याला दुसरा व्यवसाय कधी ठाऊक झाला नाही, अशा एखाद्या माणसाला तुरुंगाच्या भिंतीआड येशू ख्रिस्त भेटला आणि तेव्हापासून तो निराळाच मनुष्य झाला, अशी हकीकत कानावर आली की आपल्याकडे तिच्याविषयी दोन मते तत्काळ तयार होतात, आणि त्या माणसाचे तोंडही न पाहता ती दोन्ही मते निकाल देऊन मोकळी होतात. एका पक्षाच्या लेखी ही निव्वळ बनवेगिरी असते: शिक्षेत सूट मिळावी, बाहेरून कोणी फळफळावळ आणि वकिलाची फी आणून द्यावी, म्हणून केलेले सोंग. दुसऱ्या पक्षाला तोच प्रसंग साक्षात चमत्कार वाटतो आणि तो पक्ष त्या बिचाऱ्याला सुटल्या दिवसापासून व्यासपीठावर उभा करून त्याच्या पूर्वायुष्यातील पापांचे रसभरित आख्यान त्याच्याच तोंडून वदवून घेतो. मला हे दोन्ही पक्ष सारखेच उतावळे वाटतात. माणसाच्या अंतःकरणात काय घडले याचा निवाडा तुरुंगात होऊ शकत नाही, कारण जेथे मद्य नाही, साथीदार नाहीत आणि रात्री दरवाजाला बाहेरून कुलूप आहे, तेथे सदाचरणाची परीक्षा घ्यायला वावच थोडा असतो. ती परीक्षा पुढे, त्याच्या गावी, त्याच्या वाडीवर होते. आणि तेथे परीक्षा देणारा तो एकटा नसतो, आपणही असतो.

हा विषय मालवणच्या किनाऱ्यावर बसून लिहिण्याला काही कारण आहे. महाराष्ट्रात इतरत्र ‘तुरुंगात ख्रिस्ती झाला’ असे म्हटले की कोणीतरी एक धर्म सोडून दुसऱ्यात गेला असे गृहीत धरले जाते आणि चर्चा त्याच दिशेने वाहवत जाते. या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज काही नवखा नाही. मालवण, वेंगुर्ले, बांदा, सावंतवाडी या टापूत इगर्जी आहेत, घरांच्या पुढ्यात खुरीस आहेत, फेस्ताला हिंदू शेजारी येतात आणि जत्रेला किरिस्तांव शेजारी जातात. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढून सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याच्या बिशपांचे पीठ सावंतवाडीस आले. त्यामुळे येथला जो तरुण वाममार्गाला लागून गजाआड जातो, तो ख्रिस्ती घरातला असला तर त्याचा बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत उरकलेला असतो, पहिला कम्युनियन झालेला असतो, संध्याकाळचे लादीन त्याने आजीच्या मांडीवर ऐकलेले असते. त्याला कोठडीत जे गवसते ते परके नसते. घरात लहानपणापासून पडून असलेली आणि त्याने कधीच न उघडलेली ती पेटी असते. अशा माणसाच्या बाबतीत धर्मांतराचा वाद सर्वस्वी गैरलागू आहे, आणि म्हणूनच मूळ प्रश्न येथे अधिक स्वच्छ दिसतो: जन्माने मिळालेला धर्म आणि स्वतः पत्करलेली श्रद्धा यांत जे अंतर आहे, ते तुरुंगात कसे काय तुटते?

या किनाऱ्याला तुरुंग आणि ख्रिस्ती धर्म यांच्या संबंधाची एक फार जुनी आणि फार कटू आठवणही आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. जुन्या गोव्यातील त्याच्या इमारतीत माणसांना कोंडले जाई ते चोरी-दरोड्यासाठी नव्हे, श्रद्धेतील कसुरीसाठी: घरी तुळस ठेवली, जुन्या देवाला नवस बोलला, लग्नात हळद लावली, एवढेही कारण पुरे होई. त्या धाकाने आणि करांच्या भाराने अनेक कुटुंबे तेरेखोल ओलांडून सावंतांच्या मुलखात आणि त्याहीपलीकडे उत्तरेला आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्यांतली पुष्कळशी कुटुंबे इकडे आल्यावरही ख्रिस्तीच राहिली. ज्या न्यायासनाला भिऊन घरदार सोडले, त्या न्यायासनाने नेमून दिलेला धर्म, आता कोणाचीही सक्ती उरली नसताना, त्यांनी आपखुशीने चालवला. सक्तीने लादलेली गोष्ट आणि आपखुशीने धरलेली गोष्ट नावाने एकच असू शकते आणि आतून अगदी भिन्न असू शकते, हे येथल्या ख्रिस्ती समाजाला कोणा तत्त्ववेत्त्याने शिकवण्याची गरज नाही. त्याच्या कुळाच्या इतिहासातच ते लिहिलेले आहे.

आता गुन्ह्याकडे वळू. आमच्या जिल्ह्यात शहरी अर्थाने रस्ताच मुळी थोडा. तेव्हा रस्त्यावरची गुन्हेगारी येथे पिकली नाही, ती मुंबईत पिकली आणि तिला माणसे मात्र कोकणाने पुरवली. गिरणगावातल्या चाळींमधून, गावकीच्या खोल्यांमधून, गोव्याकडच्या ख्रिस्ती खलाशांच्या कुडांमधून कोकणातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या राहिले, मनिऑर्डरी पाठवीत राहिले आणि त्या मनिऑर्डरींवर गावची चूल पेटत राहिली. १९८२ च्या जानेवारीत ११ तारखेला, कोकणात जन्मलेला आणि महाविद्यालयात शिकलेला मन्या सुर्वे वडाळ्याला पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्याच महिन्याच्या १८ तारखेला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या दोन तारखांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. पण त्या संपातून ज्या गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्या नाहीत, त्यांच्या आवारांबाहेर ज्यांचे हात रिकामे झाले त्यांच्या मुलांना टोळ्यांनी ज्या सुलभतेने उचलले, ती गोष्ट त्या काळच्या मुंबईचा कोणीही रहिवासी सांगेल. टोळीला जात नव्हती आणि धर्मही नव्हता. सुर्वे, परब, डिसोझा, फर्नांडिस ही आडनावे एकाच आरोपपत्रात गुण्यागोविंदाने नांदत.

असा मुलगा धरला जातो, हवालातीत मार खातो, आर्थर रोडला किंवा ठाण्याला जातो आणि तेथे बराकीत त्याचा कच्चा कैदी म्हणून मुक्काम पडतो. ‘कच्चा’ या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांपैकी तीन, न्यायाधीन होते. गुन्हा शाबीत झालेला नाही, जामीन मिळत नाही किंवा मिळाला तर भरायला कोणी नाही, तारखेमागून तारीख पडते, अशा अवस्थेत माणसाच्या हाती जी एकच वस्तू विपुल असते ती म्हणजे वेळ. सकाळची गिनती, संध्याकाळची गिनती, आणि मध्ये नुसते पोकळ प्रहर. मुलाखतीला पहिले काही महिने घरचे येतात. मग गाडीभाड्याचा हिशेब त्यांना परवडेनासा होतो. ज्या साथीदारांसाठी त्याने हाणामारी केली ते तर मुळीच येत नाहीत. येतात ते कोण? कुठल्याशा संस्थेचे एखादे कार्यकर्ते, एखादी साध्वी, एखादे पाद्री. १९८१ साली केरळात सुरू झालेली आणि पुढे देशभर पसरलेली ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ ही कॅथॉलिक चळवळ याच कामासाठी आहे, आणि ऑगस्टमधील दुसरा रविवार देशातील कॅथॉलिक चर्चमध्ये बंद्यांसाठी राखून ठेवलेला असतो. येणाऱ्या या माणसाचे पहिले प्रवचन बहुधा प्रवचन नसतेच. तुझ्या आईला निरोप काय सांगू, एवढाच प्रश्न असतो.

आणि मग त्याच्या हाती शुभवर्तमान येते. ते पुस्तक जगातील अन्य धर्मग्रंथांपेक्षा श्रेष्ठ की कनिष्ठ या वादात मला शिरायचे नाही. पण बंद्याच्या दृष्टीने त्यात एक विशेष आहे हे कोणीही निःपक्षपाती वाचक कबूल करील. त्या कथेचा नायक स्वतः अटक झालेला, रात्रीच्या रात्री चौकशीला ओढलेला, खोट्या साक्षीदारांपुढे उभा केलेला, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात टोलवलेला आणि अखेर, सुभेदाराला स्वतःला तो निर्दोष वाटत असताना, जमावाच्या आरड्याओरड्याखातर देहान्त शिक्षा पावलेला इसम आहे. त्याच्या जागी जो सुटतो तो बरब्बा हा बंडखोर खुनी. त्याच्या शेजारी जे लटकतात ते दोघे अपराधी. आणि लूकच्या वृत्तान्ताप्रमाणे स्वर्गाचे वचन ज्या पहिल्या माणसाला मिळते तो त्या दोघांतला एक. योहान तुरुंगात, पौल आणि सीला फिलिप्पैच्या कोठडीत, फिलेमोनाला लिहिलेले ते चिमुकले पत्रही तुरुंगातूनच पाठवलेले, आणि तेही अनेसिम नावाच्या पळून गेलेल्या गुलामासाठी, ज्याला पौलाच्या बंदिवासातच ही श्रद्धा लाभली होती. विद्वानाला ही पात्रे प्रतीकात्मक वाटतात. ज्याने रिमांडचे अर्ज वाचले आहेत त्याला ती ओळखीची वाटतात.

या प्रकारच्या परिवर्तनाचे जे वृत्तान्त मला ठाऊक आहेत त्यांत सर्वांत विचार करायला लावणारा वृत्तान्त जपानमधला आहे. तोकिचि इशी हा जुगार आणि चोरी यांत लहानपणापासून मुरलेला, आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात काढलेला गुन्हेगार. १९१५ साली त्याने तोकियोजवळ एका तरुणीचा खून केला आणि तो पचवला. पुढे तो दुसऱ्याच एका गुन्ह्यासाठी आत असताना त्याच्या कानावर आले, की त्या खुनाबद्दल मृत मुलीच्या प्रियकरावर खटला चालू आहे. इशीने आपण होऊन कबुलीजबाब दिला. गंमत अशी, की पहिल्या न्यायालयाला तो कबुलीजबाब पुरेसा वाटला नाही आणि त्याने इशीला त्या आरोपातून मोकळे केले. अपिलात मात्र त्याला फाशीची शिक्षा झाली. याच काळात कॅरोलिन मॅक्डोनाल्ड या कॅनडाहून आलेल्या बाईंनी आणि त्यांच्या सहकारी बाईंनी त्याला नव्या कराराची प्रत पाठवली. ती त्याने आधी कंटाळा घालवण्यासाठी चाळली आणि वाचता वाचता वधस्तंभावरील येशू आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो त्या स्थळी येऊन तो थांबला. १९१८ साली त्याला फाशी देण्यात आले. त्याने कोठडीत लिहिलेले आत्मवृत्त मॅक्डोनाल्डबाईंनी इंग्रजीत आणले आणि ते १९२२ साली प्रसिद्ध झाले.

इशीच्या बाबतीत क्रम पाहण्यासारखा आहे. त्याने दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी कबुली दिली ती शुभवर्तमान हाती येण्यापूर्वी. म्हणजे ज्याला आपण सद्सद्विवेक म्हणतो तो त्या चोराच्या ठिकाणी जागा होताच. धर्माने त्याला जन्म दिला नाही, त्याला आसरा दिला, आणि तो आसरा फाशीच्या तख्तापर्यंत टिकला. तुरुंगातील श्रद्धेला सरसकट ढोंग म्हणणाऱ्यांनी या माणसाचा हिशेब कसा मांडावा? त्याला सूट मिळायची नव्हती, सुटका व्हायची नव्हती, व्यासपीठ मिळायचे नव्हते. जे काही मिळायचे ते गमावूनच तो त्या मुक्कामाला पोचला होता. आणि श्रद्धेला सरसकट चमत्कार म्हणणाऱ्यांनीही त्याच वृत्तान्ताचा पूर्वार्ध वगळू नये.

इशीची गोष्ट आपल्या न्यायपद्धतीपुढे एक अवघड पेच उभा करते. ख्रिस्ती श्रद्धेत पश्चात्तापाचा मार्ग कुमसारातून, म्हणजे पापाच्या स्पष्ट उच्चारातून जातो. कच्च्या कैद्याचा वकील मात्र त्याला पहिल्या भेटीतच बजावतो, की तोंड उघडू नकोस. आणि वकिलाचे म्हणणे अधर्म्य नाही, कारण कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होता कामा नये हे आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातच लिहिलेले आहे, आणि पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य न धरण्याचा दंडक इंग्रजी अमदानीपासून चालत आला आहे तो मारहाणीच्या अनुभवामुळेच. मग न्यायाधीन बंद्याने काय करावे? पाद्र्याच्या कानी जे घालायचे ते त्याने खुशाल घालावे. तो कान मुद्रांकित आहे, तेथून अक्षर बाहेर जात नाही. न्यायालयात मौन धरण्याचा हक्कही त्याने बजावावा. पण जेथे त्याच्या मौनामुळे दुसराच कोणी गजाआड सडत आहे, तेथे मौनाचा हक्क आणि पश्चात्तापाचा दावा एकत्र नांदू शकत नाहीत. इशीला हे कोणी शिकवले नव्हते.

कुमसाराने पापाची क्षमा होत असेल. चोरलेले मंगळसूत्र त्याने परत येत नाही. लूकच्याच ग्रंथात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरतो तेव्हा तो प्रवचन मागत नाही, साक्ष देत नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देतो म्हणून उठून सांगतो. तुरुंगातून पालटून आलेल्यांची जी आत्मकथने छापली जातात, सभांतून ऐकवली जातात, त्यांत मला ही चौपट फार क्वचित आढळते. त्यांत लेखकाच्या दुष्कृत्यांना चाळीस पृष्ठे असतात, कृपेला वीस असतात, आणि ज्याच्या पोटात सुरा गेला त्याला एक वाक्य. तो जगला का, त्याच्या बायकोने पुढे काय केले, याचा पत्ता नसतो. मी तर म्हणेन, की अशा माणसाला सभेत बोलावणाऱ्यांनी आधी त्याला एवढेच विचारावे: तू ज्याचे नुकसान केलेस त्याच्याकडे गेला होतास काय? जाऊ शकत नसशील, त्याला तुझे दर्शनही नको असेल, तर त्याच्या घरी कोणाकरवी काही पोचवलेस काय? उत्तर नकारार्थी असेल तर व्यासपीठ आणखी काही वर्षे थांबू शकते.

सक्तीचा आणि आमिषाचा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण त्याला महाराष्ट्रात इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवले. त्यांतील सोलापूरच्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होता, आणि उत्तरेत १९०८ पासून साल्व्हेशन आर्मीच्या बूथ-टकर यांनी अशाच वसाहती चालवल्या. हे बूथ-टकर १८८२ साली मुंबईत आले तेव्हा रस्त्यावर वाजतगाजत प्रचार केल्याबद्दल त्यांना स्वतःलाच तुरुंगाची हवा खावी लागली होती. पुढे सरकारने त्यांच्याच संस्थेच्या हाती कुंपणाच्या किल्ल्या दिल्या, हा काळाचा विनोद. त्या वसाहतींत शाळा होत्या, दवाखाने होते, काम होते, आणि पुष्कळ मिशनऱ्यांची कळकळ खरी होती हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की ज्याच्या हाती हजेरीपट आहे त्यानेच देवाविषयी बोलू नये. ऐकणाऱ्याचा होकार कशाला आहे, देवाला की हजेरीपटाला, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या मालवणच्या माणसाने तरी या बाबतीत सहानुभूती बाळगावी, कारण इंग्रजांच्या दप्तरात कधीकाळी या बंदरातला सबंध खलाशी वर्गच चाचा म्हणून नोंदला गेला होता आणि त्यांनी १७६५ साली सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले ते त्याच सबबीवर.

धर्मप्रसाराची चौकशी करण्यासाठी मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली, तिचा अहवाल १९५६ साली आला; पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही. या निर्णयावर कायदेपंडितांचे मतभेद आहेत. पण सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य व्यक्तीला आहे आणि ते कारागृहाच्या दिंडीदरवाजाशी काढून ठेवावे लागत नाही, याविषयी मतभेद नसावा. म्हणून माझी सूचना दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे. बंद्याच्या धार्मिक आचरणाची नोंद शिक्षेतील सुटीच्या कागदपत्रांत, चांगली वा वाईट, मुळीच असू नये. तेथे फक्त काम आणि वर्तन असावे. आणि चर्चने, ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा आहे अशा बंद्याला, शक्य असेल तेथे सुटकेनंतर काही काळ थांबायला सांगावे. ज्याची श्रद्धा खरी आहे त्याला थांबण्याने काही तोटा नाही; लूकच्या त्या चोराला बाप्तिस्मा मिळालाच नव्हता.

बाप्तिस्म्यावाचूनही हे काम कसे होते याचे उदाहरण आपल्या होळकरांच्या इंदूरजवळचेच आहे. सिस्टर राणी मारिया ही केरळातली जोगीण उदयनगर भागात भूमिहीनांमध्ये काम करी आणि त्यामुळे सावकारांच्या डोळ्यांत सले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंग या तरुणाने तिला बसमध्ये भोसकून ठार केले. तिची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही जोगीणच, २००२ साली तुरुंगात गेली आणि तिने आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे त्या कुटुंबाने स्वतः अर्ज केल्यामुळे २००६ साली त्याची सुटका झाली. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदूरला राणी मारियाला धन्यवादित घोषित करण्यात आले. बाप्तिस्मा घे म्हणून त्या भावाला कोणी अट घातली नाही. क्षमेचे हे कृत्य ख्रिस्ती आहे, त्याचे साधन राखी आहे, आणि ते दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेले आहे की भांडणाऱ्यांनी कोठे रेघ मारावी ते मला कळत नाही.

तेव्हा कोठडीत माणूस पालटण्याचा मक्ता एका धर्माकडे आहे असे कोणीच मानू नये. वाल्या कोळ्याची कथा सांगणाऱ्या समाजाला तर ते सांगायलाच नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केले आणि १९६० साली चंबळच्या खोऱ्यातील डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत काढली, तीवरून शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, आणि त्यातल्या ज्या प्रार्थनेने देशातील शाळा आणि तुरुंग भारले तिची चाल आमच्या सावंतवाडी संस्थानातील सोनवड्याच्या वसंत देसायांची. ती प्रार्थना कोणत्या धर्माची, हे आजवर कोणी विचारल्याचे मला ठाऊक नाही.

आता वाडीकडे येतो. शिक्षा झालेल्या बंद्याला ठराविक मुदतीनंतर संचित रजा मिळू शकते. त्यासाठीचे मुंबईचे नियम १९५९ साली झाले. अर्ज कारागृहातून निघतो आणि पोलिसांच्या अहवालासाठी त्याच्या गावच्या ठाण्यात येतो. तेथून विचारणा होते: याला ठेवून घ्यायला नातलग तयार आहे काय, जामीन कोण राहतो, गावात शांततेचा भंग होईल काय? सावंतवाडीच्या जुन्या कारागृहातला असो, ओरोसच्या जिल्हा कारागृहातला असो की कोल्हापूरच्या कळंब्याचा, त्याने मनात काय पालटले याच्याशी या अहवालाला काही कर्तव्य नसते. अहवाल गावाच्या मनाचा असतो. “बदललो म्हणतत, पण रातचा दार उघडा टाकून निजशात काय?” असा सवाल कोणी टाकला की बैठकीत बाकीचे गप्प होतात. सवाल रास्त आहे. ज्याची होडी चोरीला गेली, ज्याच्या मुलीची छेड काढली गेली, त्याने भाबडेपणा करावा असे मी म्हणणार नाही. पण भीती बाळगणे आणि रजेच्या अर्जावर ‘हरकत आहे’ असे लिहून देणे या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि ते अंतर आपण विचार न करता ओलांडतो.

ख्रिस्ती वाड्यांचे या बाबतीत वर्तन इतरांहून काही वेगळे आहे असे दिसत नाही, आणि ते तसे असायला हवे होते असे म्हणायचा मला अधिकार आहे, कारण बंदिवासात मी होतो आणि तुम्ही माझ्या भेटीला आलात, हे वाक्य त्यांच्या पुस्तकात आहे, माझ्या नव्हे. रविवारच्या मिस्सेला तो येऊन शेवटच्या बाकावर बसला तर बाक रिकामा होऊ लागतो. पाद्री क्षमेवर बोलतात, सगळे माना डोलावतात. आणि सोमवारी त्याला ट्रॉलरवर खलाशी म्हणून घ्यायचे का म्हणून तांडेल विचारतो तेव्हा मालक म्हणतो, सध्या माणसे भरली आहेत. अशा माणसाचा जुना साथीदार मुंबईहून एक फोन करतो तेव्हा त्याच्याकडे मात्र काम असते, त्याला कोणाचा अहवाल लागत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण अजून पूर्णपणे संपलेली नाही. यांत्रिक नौका आल्या, पर्ससीन आले, रापणसंघ क्षीण झाले, तरी जेथे ती लागते तेथे दोन्ही टोकांचे दोर ओढायला डझनांनी हात लागतात आणि जो दोराला हात लावतो त्याचा वाटा ठरलेला असतो. पाद्र्यांनी, पोलीस पाटलांनी आणि रापणीच्या म्होरक्यांनी एकत्र बसून वर्षाकाठी अशा दोन-चार माणसांपुरता तरी वाटा धरून ठेवायचे ठरवले, तर त्याला सरकारी मंजुरी लागणार नाही, निधी लागणार नाही, आणि त्या माणसांना कोणते देव स्मरायचे ते स्मरू देता येईल. जामीनकीच्या कागदावर मात्र कोणीतरी सही करावी लागेल, आणि ती बहुधा त्याच्या आईनंतर दुसऱ्या कोणाचीच नसते.